वस्तूंची सुटका

अतिवास्तववाद कवींच्या बैठकीत जन्मला. गियोम अपोलिनेर याने १९१७ साली हा शब्द प्रथम वापरला आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये आंद्रे ब्रेतों याने पॅरिसमध्ये चळवळीचा जाहीरनामा काढला. ब्रेतों वैद्यकाचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात त्याने मनावर आघात झालेल्या सैनिकांची लष्करी इस्पितळात देखभाल केली होती. खंदकांतून परतलेल्या त्या माणसांची असंबद्ध बडबड, तुटक स्वप्ने, झोपेतले दचकणे यांत त्याला निव्वळ वेडापलीकडचे काही ऐकू आले, आणि फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेने त्या अनुभवाला पाया दिला. ज्या शहाणपणाने युरोपला खंदकांत नेऊन बसवले त्यावर किती विसंबायचे, हा त्या पिढीचा खराखुरा प्रश्न होता. उत्तर म्हणून या मंडळींनी लेखणीवरचा पहारा उठवला. मनात येईल ते न थांबता, न खोडता कागदावर उतरवायचे, असा त्यांचा रिवाज पडला.

चित्रकारांपुढे मात्र अडचण होती. वाक्य क्षणात सुटते, तैलचित्राला आठवडे लागतात. इतका वेळ मन बेसावध कसे ठेवणार? यातून दोन वाटा फुटल्या. आंद्रे मासों हात मोकळा सोडून रेषा काढू लागला. माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वरून शिसे घासले आणि उमटलेल्या रेघोट्यांतून जंगले, पाखरे शोधून काढली. दुसरी वाट रने माग्रित आणि साल्वादोर दाली यांची. त्यांचा हात जुन्या शिस्तीचा, छायाप्रकाश चोख, रंगलेपन गुळगुळीत. अशक्य असतो तो फक्त प्रसंग. दालीचे वितळत्या घड्याळांचे १९३१ चे चित्र पोस्टरांमुळे भिंतभर मोठे वाटते. प्रत्यक्षात ते २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, शाळेतल्या चित्रकलेच्या वहीएवढे आहे. घड्याळे मऊ पडली आहेत, पण समुद्रकिनारा, दूरचा कडा, संध्याकाळचा उजेड हे सगळे खरे आहे, आणि त्या खरेपणामुळेच ती मऊ घड्याळे डोळ्याला पटतात.

या चळवळीने वस्तूंच्या बाबतीत जे केले ते सर्वांत टिकाऊ ठरले. मॅन रेने १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची रांग चिकटवली. मेरेट ओपनहाइमने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमचा यांना केसाळ कातडे चढवले. इस्त्री कापड फाडणारी झाली, कप ओठाला लावणे नकोसे झाले. वस्तूचा उपयोग काढून घेतला की ती खऱ्या अर्थाने दिसू लागते, हे त्यामागचे सूत्र. या सूत्राशी ताडून पाहण्याजोगे एक उदाहरण आपल्याकडे आहे. कोल्हापुरात भवानी मंडपाकडून कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवा राजवाडा आहे. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात तो उभा राहिला. त्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या वन्यप्राण्यांबरोबर शिकारीच्या जनावरांच्या अवयवांपासून केलेल्या घरगुती वस्तूही मांडल्या आहेत. प्राणी आणि वापरातली वस्तू यांचा संकर इथेही आहे, पण त्याचा अर्थ अगदी उलटा. राजवाड्यातली वस्तू शिकाऱ्याचा पराक्रम मिरवते. ओपनहाइमचा कप कोणाचाच पराक्रम सांगत नाही आणि कामाचाही उरत नाही. दोहोंतला हा फरक ध्यानात आला की अतिवास्तववादाचा गाभा हाती लागतो. पुढे हा गाभा पातळही झाला. १९६७ मध्ये दालीने एअर इंडियासाठी ॲश-ट्रे घडवला, ज्यातला हंस उलटा धरला की हत्ती दिसे. मोबदल्यात त्याने हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते विमानाने पाठवलेही.

दुसरा प्रवाह अमेरिकेतला. तिथे आधुनिकता आली ती कॅमेऱ्याचा हात धरून. आल्फ्रेड स्टिगलिट्झ या छायाचित्रकाराने १९०५ मध्ये एडवर्ड स्टायकन याच्या साथीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर लहानशा खोल्यांत दालन उघडले. घराच्या क्रमांकावरून त्याला ‘२९१’ म्हणत. मातिस आणि पिकासो यांची कामे अमेरिकेने प्रथम पाहिली ती इथे. सुमारे १३०० कलाकृतींचे गाजलेले आर्मरी प्रदर्शन त्यानंतर, १९१३ मध्ये भरले. तोवर छायाचित्र कलेत गणले जावे म्हणून छायाचित्रकार ते मुद्दाम धूसर करीत, चित्रासारखे भासवीत. पॉल स्ट्रँडने ती लाचारी सोडली. १९१५ च्या त्याच्या वॉल स्ट्रीटच्या छायाचित्रात बँकेच्या इमारतीचे प्रचंड काळे चौकोन आहेत आणि त्यांखालून लांब सावल्या ओढत जाणारी चिमुकली माणसे. कॅमेरा जे करू शकतो तेच त्याने करावे, हा आग्रह त्यातून उभा राहिला. जॉर्जिया ओ’कीफ हिने हीच नजर रंगात आणली. एकच फूल इतके जवळून आणि इतके मोठे रंगवायचे की ते कॅनव्हासच्या चारही कडांना भिडेल, म्हणजे घाईत असलेल्यालाही थांबून पाहावे लागेल.

स्टिगलिट्झ १९२२ पासून ढगांची छायाचित्रे काढू लागला. क्षितिज नाही, जमीन नाही, वर-खाली कळायला खूण नाही. मनाच्या अवस्थांना समतुल्य अशी ही रूपे, असे तो मानी. भारतीय वाचकाने एक नोंद आवर्जून लक्षात ठेवावी. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने १९२४ मध्ये स्टिगलिट्झची २७ छायाचित्रे स्वीकारली, ती तिथे भारतीय कलेचा विभाग सांभाळणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने. छायाचित्राला कलासंग्रहालयाचे दार उघडून देण्यात भारतीय मूर्तिकलेच्या अभ्यासकाचा हात असावा, हा योगायोग नव्हे. रूपामागचा भाव वाचण्याची सवय त्यांना मूर्तींनी लावली होती.

युरोपातला आणि अमेरिकेतला असे हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रेतों, अर्न्स्ट, मासों, दाली हे सगळे नाझींच्या भीतीने न्यूयॉर्कला आले. मासोंची मोकळी रेषा तरुण अमेरिकी चित्रकारांनी उचलली, आणि जॅक्सन पोलॉकने जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवून तिला अवाढव्य रूप दिले. शिल्पात अलेक्झांडर काल्डरने तारा आणि पत्रे छताला टांगून हवेवर झुलते ठेवले. १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या आमंत्रणावरून तो अहमदाबादला आला आणि तिथे त्याने शिल्पे केली.

पॅरिसमध्ये अतिवास्तववाद आकार घेत होता त्या काळात कोल्हापूर काय करीत होते? शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थाच्या काठी राहून पाणी, झाडे, उन्हाचे कवडसे रंगवीत होते. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. ‘सैरंध्री’ १९२० चा, तर ‘सावकारी पाश’ १९२५ चा, म्हणजे ब्रेतोंच्या जाहीरनाम्यानंतर वर्षभरातला. पॅरिसमध्ये वास्तवाच्या पलीकडे उडी घेतली जात असताना कोल्हापूर वास्तवाला प्रथमच भिडत होते. ‘सावकारी पाश’मध्ये होता तो व्ही. शांताराम यांनी साकारलेला, कर्जात बुडालेला तरुण शेतकरी आणि जमीन सुटल्यावर शहरातल्या गिरणीकडे जाणारी त्याची वाट. हा मूकपट आज उपलब्ध नाही, पण पाहिलेल्यांच्या आठवणीत राहिले ते काळोखातली झोपडी आणि भेसूर रडणारे कुत्रे. ते दृश्य वास्तववादी होते की दुःस्वप्नातले, हे ठरवणे सोपे नाही. कोल्हापूर मागे पडले असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य विसरू नये. ज्या समाजात शेतकऱ्याचे खरे आयुष्यच पडद्यावर आले नव्हते, तिथे ते दाखवणे हीच त्या घडीची आधुनिकता होती.

मुंबईत वारे वेगळे होते. हिटलरच्या युरोपातून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या घरी तरुणांना नव्या युरोपीय चित्रांची पुस्तके, छापील प्रती आणि चर्चा मिळू लागल्या. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सदानंद बाकरे हे त्यातले एकमेव शिल्पकार. १९५१ मध्ये ते लंडनला गेले, दोन तपांनी परतले आणि कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. गोरेगावचे मोहन सामंत न्यूयॉर्कला स्थायिक झाले. सारंगी वाजवणाऱ्या या चित्रकाराने कॅनव्हासवर कागदाचे कातरकाम आणि वाकवलेल्या तारांच्या आकृत्या बसवल्या. अकोल्याचे आंबादास खोब्रागडे ‘ग्रुप १८९०’ मध्ये होते. या गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ मध्ये दिल्लीत झाले आणि त्याच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली ऑक्टाव्हियो पाझ यांनी. मेक्सिकोचे राजदूत असलेले पाझ हे स्वतः ब्रेतोंच्या वर्तुळातले कवी.

वासुदेव गायतोंडे यांनी वजाबाकीची वाट धरली. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, मूळ गोव्याचे गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. अमेरिकी अमूर्त चित्रकला तिथे त्यांनी जवळून पाहिली, पण त्यांचा निश्चय त्याआधीच झालेला होता. रंगाचे पातळ थर रोलरने द्यायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे, कागदाचे तुकडे दाबून उचलायचे आणि उमटेल त्यातले थोडेच ठेवायचे. दाबून उचलण्याचे हे तंत्र अतिवास्तववाद्यांनीही १९३० नंतर वापरले होते, पण त्यांना त्या ठशांत राक्षस आणि जंगले दिसत. गायतोंडे काहीही दिसू देत नाहीत. वर्षाला मोजकीच चित्रे करणाऱ्या या माणसाचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये भरवले.

अतिवास्तववादाने उभा केलेला वस्तूचा प्रश्न मराठी चित्रकारांत सर्वाधिक गांभीर्याने हाताळला तो प्रभाकर बरवे यांनी. अलिबागजवळच्या नागाव इथे १९३६ मध्ये जन्म, सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण, आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी. नोकरीनिमित्त काही वर्षे वाराणसीला काढली. तिथे तांत्रिक आकृत्यांचा प्रभाव पडला. त्याआधी पॉल क्लेचा होता. दोन्ही प्रभाव पचवून १९७० नंतर ते साध्या वस्तूंकडे आले. घड्याळ, पान, फळ, शिंपला, ढग. त्यांच्या चित्रात या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून असतात. एखादीची फक्त बाह्यरेषा, दुसरीची सावली, तिसरीची पोकळी. पान आणि ढग आकाराने जुळतात तेव्हा नजर एकातून दुसऱ्यात सरकते आणि दोहोंमधली मोकळी जागाही वस्तूइतकीच भरीव वाटू लागते.

रंगही त्यांनी नेहमीचा घेतला नाही. दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल त्यांनी कॅनव्हासवर आणला. एनॅमल स्वतःहून समतल पसरतो, कुंचल्याचा माग ठेवत नाही, वाळल्यावर चित्रकाराच्या हाताची खूणच उरत नाही. पोलॉकनेही घरगुती एनॅमलच वापरला होता, पण हाताचा सगळा आवेग कॅनव्हासवर दिसावा म्हणून. बरवे यांनी तोच रंग हात लपवण्यासाठी वापरला, आणि त्या गप्प पृष्ठभागावर वस्तू बोलक्या झाल्या.

त्यांना सरसकट अतिवास्तववादी म्हणणे बरोबर नाही. दालीच्या वस्तू भीती, वासना, आठवणींनी पछाडलेल्या असतात. बरवे यांच्या वस्तूंना असा कोणी मालक नाही. घड्याळ कोणाच्या आयुष्याचे नाही, पान कुठल्या गोष्टीतले नाही. ओपनहाइमने वस्तूचा उपयोग काढून घेतला, स्ट्रँडने तिच्यावरचा धूसर पडदा काढला, बरवे यांनी तिच्यामागची कहाणीही काढली. यासाठी लागणारा विचार ते वर्षानुवर्षे टिपणवह्यांत करीत राहिले. त्या मननातून आलेले ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौज प्रकाशनाने १९९० मध्ये काढले. चित्र सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या जागेविषयी, आकार आणि अवकाश यांच्या नात्याविषयी चित्रकाराने स्वतः मराठीत इतके सलग लिहावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि कलाशाळांत ते अनिवार्य वाचन असायला हवे. १९९५ च्या डिसेंबरात बरवे यांचे निधन झाले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रांबरोबर त्या टिपणवह्याही मांडल्या होत्या.