अक्षरावरून शब्दशोध

अक्षरावरून शब्दशोध : दिलेली अक्षरे ज्यांत आहेत असे शब्द हुडकण्याचे कौशल्य. शब्दकोडे, स्क्रॅबल, भेंड्या इ. खेळ त्यावर आधारलेले आहेत. आधुनिक शब्दकोड्याचा आद्य नमुना आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात प्रसिद्ध केला. स्क्रॅबलचा जनक ॲल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने अक्षरांची वारंवारता वृत्तपत्रांवरून मोजली. त्यामुळे इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत १ गुणाच्या ‘ई’ १२ आहेत, तर १० गुणांचे ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच आहेत.

शब्दकोशाची मांडणी आद्याक्षरानुसार असते. मधले अक्षर दिलेले असल्यास तिचा उपयोग होत नाही. अशा वेळी उपसर्ग, प्रत्यय व जोडीने येणारी अक्षरे (उदा., इंग्रजीत ‘क्यू’नंतर बहुधा ‘यू’) यांवरून शोध घ्यावा लागतो. संगणक हेच काम क्षणार्धात करतो.

मराठीत शोधाचे एककच निराळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील ‘हेदवी’ या ग्रामनामात ह्, ए, द्, अ, व्, ई असे सहा वर्ण आहेत; मात्र कोड्यात त्यास हे, द, वी अशी तीनच घरे लागतात. ‘हे’च्या घरातून ‘हेलकावा’ जाऊ शकतो, ‘हरिण’ नव्हे. ‘वी’च्या घरातून ‘वीज’ जाते, ‘विहीर’ नव्हे. म्हणजे स्वरचिन्हासह अक्षर जुळावे लागते व पर्याय कमी होतात. ऱ्हस्वदीर्घाची चूक येथे कोडेच अडविते. भेंड्यांत मात्र अंत्य अक्षरातील व्यंजनच धरतात. मराठी शब्दाच्या आरंभी ‘ळ’ येत नसल्याने त्याऐवजी ‘ल’ घेण्याचा प्रघात आहे.