जोगेंद्रनाथ मंडल : पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री

भारताचे पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच वेळी पाकिस्तानचे कायदामंत्रीही दलितच होते आणि तेही बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

बारिसालचा वकील

जोगेंद्रनाथ मंडल यांचा जन्म १९०४ चा, पूर्व बंगालमधल्या बारिसाल भागातला. जात नामशूद्र. १९३७ मध्ये राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवर काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून ते अपक्ष म्हणून प्रांतिक विधानसभेत गेले, १९४३ मध्ये मंत्रीही झाले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून घटना समितीवर जाण्याइतकी मते बाबासाहेबांपाशी नव्हती. ते बंगालमधून निवडून आले, आणि त्या मतांची जुळवाजुळव करण्यात मंडल पुढे होते.

मुस्लीम लीगची साथ

पूर्व बंगालात नामशूद्र आणि मुसलमान दोघेही बहुतेक कुळे. जमीनदार, सावकार मुख्यतः सवर्ण हिंदू. पोटाचे प्रश्न एकच, तर राजकारण वेगळे कशाला, असा मंडल यांचा हिशेब होता. आज त्याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिले तर तो पटण्याजोगा होता.

ऑक्टोबर १९४६ मध्ये लीगने त्यांना हंगामी सरकारात पाठवले. सिल्हेट भारतात राहणार की पाकिस्तानात जाणार, यावरच्या जुलै १९४७ च्या सार्वमतात त्यांनी पाकिस्तानसाठी प्रचार केला. माझ्या मते त्यांच्यावरचा सर्वांत जड आक्षेप हाच. कराचीत १० ऑगस्टला पाकिस्तानच्या घटना समितीचे तात्पुरते अध्यक्षपद त्यांना मिळाले, पुढे कायदा आणि कामगार खाते. बाबासाहेबांनी मात्र त्याच वर्षी पाकिस्तानातल्या दलितांना बजावले होते : लीगवर विसंबू नका, भारतात या.

राजीनामा

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावात नामशूद्रांवर हल्ले झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि खुद्द बारिसाल पेटले. मंत्रिपद होते, पण आपल्या माणसांना वाचवण्याइतकी सत्ता नव्हती. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एप्रिलमध्ये झालेल्या नेहरू-लियाकत करारानेही त्यांच्या मते काही बदलले नाही. शेवटी ते कलकत्त्याला गेले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांना लांबलचक राजीनामा लिहिला. त्यात गावांची नावे आहेत, अत्याचारांचे तपशील आहेत आणि आपण लीगबरोबर का गेलो याची कैफियतही आहे.

त्यानंतर

पाकिस्तानात ते गद्दार ठरले, भारतात लीगचे माणूस. निर्वासितांच्या प्रश्नांवर ते झगडत राहिले, निवडणुका लढवून हरले आणि ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सरहद्दीजवळच्या बनगावला वारले.

दलित-मुस्लीम एकजुटीला खोडून काढायला आज त्यांचा राजीनामा हमखास पुढे केला जातो. तो जरूर वाचा, पण आधी १९३७ ते १९४६ चा बंगाल वाचा.