माळावरची नीलगिरी केव्हा तोडावी?



ऊस कधी तोडायचा हे ठरवायला आपल्याकडे लागणीची तारीख आहे, ब्रिक्स आहे, कारखान्याचा तोडणी कार्यक्रम आहे. माळावरच्या नीलगिरीला यातले काहीच नाही. म्हणून गट ऑफिसात प्रश्न येतो, "साहेब, अजून वाढतीय. तोडू का ठेवू?" आम्हीही बरीच वर्षे "वाढतीय तोवर ठेवा" असेच सांगत आलो. ते सांगणे अपुरे होते.

खोडव्याचे घ्या. तिसरा-चौथा खोडवाही काही टन देतोच. तरी आपण तो मोडतो, कारण त्याच रानात नवी लागण जास्त देईल. जुन्या पिकाने रान अडवले, त्याची किंमत आपण धरतो. झाडाच्या बाबतीत मात्र विसरतो. फाउस्टमान नावाच्या जर्मन वनतज्ज्ञाने १८४९ साली नेमका हा हिशेब मांडला. उभ्या झाडात पैसा अडकतो, तशी खालची जमीनही अडकते.

समजा, एकरभर सहा वर्षांच्या नीलगिरीला व्यापारी जागेवर १ लाख रुपये देतो. वर्षभर थांबल्यास १ लाख १२ हजार येतील. फायदा १२ हजार दिसतो. पण आजच्या लाखातून पाइपलाइनचे कर्ज फिटले तर शेकडा ९ दराने ९ हजार व्याज वाचते. शिवाय तोडल्यावर बुंध्याला फुटवे येतात, नीलगिरीचा खोडवाच म्हणा ना! तो वर्षभर आधी वाढीला लागतो. त्यासाठी रानाचे भाडे ५ हजार धरा. म्हणजे १२ हजारांसाठी १४ हजार घालवायचे. इथे तोडणेच बरे.

हीच झाडे पाचव्या वर्षी ८० हजारांची असतील, तर तेव्हा थांबणे बरोबर होते. वाढ २० हजार, व्याज ७,२०० आणि भाडे ५ हजार. रान अगदी मुरमाड, बिनपाण्याचे असून भाडे २ हजारच धरले, तर सहाव्या वर्षीही थांबायला हरकत नाही. म्हणून शेजाऱ्याने तोडली म्हणून आपण तोडू नये. त्याचे रान वेगळे, कर्ज वेगळे.

बांधावरच्या झाडाला भाडे नाही असे वाटते. पण सावलीने दोन सऱ्यांचा ऊस बारीक राहतो, तेच त्याचे भाडे.

सागाचा हिशेब याच रीतीचा, फक्त लांबतो. साग जाड झाला की घनफुटाचा दरच चढतो, त्यामुळे घाई नुकसानीची. साग तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. ती आधी घ्यावी, व्यापाऱ्याच्या तोंडी भरवशावर राहू नये.

ज्यांना हिशेब करून हवा असेल त्यांनी झाडांची संख्या, छातीइतक्या उंचीवरचे वीस-पंचवीस झाडांचे घेर आणि कर्जाचा व्याजदर लिहून गट ऑफिसात यावे. घेर सुतळीने मोजला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी