जुनी मोटार, नवे बळ

मीरा-भाईंदरमधील एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात शिरले, की कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली एक मोटार पुष्कळदा दिसते. ताडपत्रीचे टोक उचलावे, तर आत फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी! वडिलांनी घेतलेली, लग्नाची वरात पाहिलेली, आता चाकांतली हवा गेलेली. ती मोडीत घालावी असे कोणाला वाटत नाही. उलट घरातील तरुण मुलगा म्हणतो, "हिला नवे इंजिन बसवू, मग पाहा कशी पळते ती!" हा उत्साह आम्हांला आवडतो. परंतु त्यात एक मोठी चूक दडलेली आहे, आणि ती वेळीच ध्यानात आली नाही, तर आवडीची वस्तू जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या मोटारीत नवे बळ घालणे म्हणजे नेमके काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही हौस मूळची अमेरिकेतली. तेथे १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीने 'जीटीओ' नावाची मोटार बाजारात आणली. मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचे ६.४ लिटरचे इंजिन बसवले, आणि ३२५ अश्वशक्ती सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती दिली. अशा दणकट गाड्यांना तेथे 'मसल कार' म्हणू लागले. पिळदार दंडाची मोटार असेच म्हणा ना! मात्र दीड टनाहून जड असलेल्या त्या गाडीच्या चारही चाकांना साधे ड्रमचे ब्रेक होते. दंड वाढले, पण आवरण्याची ताकद वाढली नाही. आज तेथील हौशी लोक त्याच गाड्या पुन्हा उभ्या करतात, तेव्हा बाहेरचे रूप जुने ठेवून ब्रेक, टायर, स्प्रिंगा नव्या काळाच्या घालतात. याला ते 'रेस्टोमॉड' म्हणतात. जीर्णोद्धार आणि सुधारणा असा तो जोडशब्द आहे.

आपल्याकडे इतके बळ कोठून असणार? सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. जीटीओ अमेरिकेत अवतरली त्याच १९६४ साली येथे 'फियाट ११०० डिलाइट' आली. तीच १९७२ साली 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे आणि बळ सुमारे ४० अश्वशक्तीचे. याच गाडीने मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून निघून गेली. खाजगी पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि ताडपत्रीखालचा प्रश्न त्यांचाच आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. इंजिन बदलणे ही जीर्णोद्धाराची पहिली पायरी नव्हे, शेवटची आहे. म्हाताऱ्याला तालमीत घालायचे, तर आधी त्याची हाडे पाहावी लागतात. मोटारीची हाडे म्हणजे तिचा पत्रा. ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर सांगाडा बसवलेला असतो. फियाटची रचना तशी नाही. हिचा तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी होते, आणि सगळा भार ती पेटीच सोसते. तेव्हा तळ कुजला म्हणजे केवळ पाय ओले होतात असे नाही. गाडीचा कणाच मोडतो.

आणि कुजण्याला आपल्या गावासारखी जागा नाही. एका बाजूला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मध्ये भाईंदरची मिठागरे. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंजणे ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहानेच होणारी क्रिया असल्यामुळे खाऱ्या हवेत ती झपाट्याने होते. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पत्र्याचे सांधे आतून फुगून उकलतात. काही कारागीर त्यावर पुट्टी थापून झकास रंग देतात. यावर सोपा उपाय आहे. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. असा भाग कापून नवा पत्रा जोडल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

दुसरी पायरी ब्रेकची. येथे थोडे गणित करू. गाडीचे वजन ९०० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात सुमारे सव्वा लाख ज्यूल ऊर्जा साठते. वेग १२० झाला, की ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे पाच लाख ज्यूल होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. थांबायचे म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकने उष्णता करून हवेत सोडायची.

ड्रमच्या ब्रेकमध्ये लायनर बंद डब्यात घासतात. काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखचा घाट लागतो. त्याच्या उतारावर सारखा ब्रेक दाबत गेले, तर ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. लायनरची पकडही कमी होते. पेडल खोल जाते, गाडी मात्र थांबत नाही. डिस्कच्या ब्रेकमध्ये तबकडी उघड्या हवेत फिरते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडकडेच सरकते. मात्र डिस्कला पायाचा जोर अधिक लागतो. म्हणून तिच्यासोबत इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर हवा. डिस्क प्रथम पुढच्या चाकांना बसवावी, कारण थांबताना गाडीचा भार पुढे येतो. मागचा ब्रेक अधिक जोराचा झाला, तर मागची चाके जाम होऊन गाडी गरकन फिरते. आणखी एक गोष्ट. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही आमच्या मते सर्वांत मोलाची सुधारणा होय, आणि ती बाहेरून कोणाला दिसतही नाही.

तिसऱ्या पायरीवर रेडियल टायर, नवे शॉकअॅब्सॉर्बर, बुश आणि मागचे पाटे येतात. चौथ्या पायरीवर वीज. जुना डायनामो गाडी सावकाश चालताना बॅटरी पुरेशी भरत नाही, अल्टरनेटर भरतो. रेडिएटरला विजेचा पंखा लावला, तर काशीमिऱ्याच्या नाक्यावर अर्धा तास अडकूनही पाणी उकळत नाही. तीन टोकांचे पट्टे मात्र नुसत्या पत्र्याला स्क्रूने कसू नयेत. मागे जाड पोलादी पट्टी जोडावी, नाही तर अपघातात पट्टा पत्र्यासकट उपटून येईल.

एवढे झाल्यावर इंजिनाचे नाव काढावे. मागच्या चाकांना बळ देणाऱ्या जिप्सी किंगचे १.३ लिटरचे इंजिन सुमारे ८० अश्वशक्तीचे; म्हणजे पद्मिनीच्या दुप्पट. पण दुप्पट बळ गिअरपेटीतून, प्रोपेलर शाफ्टमधून आणि मागच्या आसातून जाणार. ते भाग मूळच्या ४० अश्वशक्तीसाठी घडवलेले आहेत. साखळीची एक कडी जाड केली, की तुटण्याची पाळी शेजारच्या कडीवर येते.

आणि येथे कायदा आडवा येतो, तो योग्य कारणानेच येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितले. म्हणून बदलाला हात घालण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. चोरून बसवलेले इंजिन अपघातानंतर विमा कंपनीला प्रथम दिसते! शिवाय २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक देऊ केला आहे. अट अशी, की चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शने आणि रॅलीसाठी आहे. १९७४ सालच्या पद्मिनी आता या उंबरठ्यापलीकडे गेल्या आहेत. जे इंजिन आज ओढून काढाल, त्याच्याबरोबर हा मानही निघून जाईल.

तेव्हा ताडपत्री उचलणाऱ्या तरुणाला आमचे सांगणे एवढेच: आधी गंज काढ, मग ब्रेक नीट कर, मग टायर आणि वीज पाहा, त्यापुढे तेच जुने ४० अश्वशक्तीचे इंजिन उघडून, स्वच्छ करून, पुन्हा बसव. वडील ज्या वेगाने गाडी चालवत, त्याच वेगाने चालव. मात्र ते थांबवत त्याहून लवकर थांबव. घरातली म्हातारी माणसे मागच्या बाकावर निर्धास्त बसली, तर तुझ्या गाडीला नवे बळ आले असे आम्ही समजू.