दूरस्थांची विद्वत्सभा

कोणतीही विद्या एकट्यानें वाढत नाहीं. पाणिनीनें सूत्रें रचलीं, कात्यायनानें वार्तिकें लिहून त्यांतील न्यूनें दाखविलीं आणि पतंजलीनें त्या दोहोंचा ऊहापोह महाभाष्यांत केला. तेव्हां कोठें व्याकरणशास्त्रास पूर्णत्व आलें. या तिघांमध्यें शतकांचें अंतर होतें. आज आपल्या डोळ्यांदेखत एक शास्त्र याच रीतीनें वाढत आहे. भेद इतकाच कीं, त्याचे सूत्रकार, वार्तिककार व भाष्यकार एकाच काळीं निरनिराळ्या खंडांत बसून परस्परांशीं बोलत असतात. हें शास्त्र म्हणजे ‘ओपन सोर्स’ अथवा मुक्तस्रोत संगणक-प्रणालींचें होय, आणि त्यांच्या भेटीचें स्थान म्हणजे संगणकावरील चर्चापीठें व संभाषणाचीं दालनें.

विकत मिळणाऱ्या बहुतेक प्रणालींची अंतर्गत रचना ग्राहकास दिसत नाहीं. मुक्तस्रोत प्रणालीची मूळ संहिता मात्र कोणासही वाचतां, सुधारतां व वांटतां येते. या कामास बहुधा कचेरी नाहीं, हजेरीपट नाहीं आणि पुष्कळांना वेतनही नाहीं. मग तें चालतें कसें? तर मुख्यतः परस्पर बोलण्यावर. म्हणून बोलण्याची जागा बिघडली कीं कामही बिघडतें. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा एखादी सून रात्रीं उशिरापर्यंत अशा सभेंत लिहीत बसली, तर तो केवळ गप्पांचा नाद आहे असें वडील मंडळींनीं लगेच ठरवूं नये.

या सभा दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार चर्चापीठाचा. तेथें प्रश्न लिहून ठेवावयाचा. मग उत्तर तासाभरानें येवो वा आठवड्यानें येवो. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें युजनेटवरील मिनिक्स-प्रणालीच्या चर्चापीठावर लिहिलें कीं, आपण केवळ छंद म्हणून एक प्रणाली रचीत आहों, तरी मिनिक्समध्यें लोकांना काय आवडतें व काय खटकतें तें कळवावें. त्या लहानशा विचारणेपासून वाढत गेलेली लिनक्स आज अँड्रॉइडच्या प्रत्येक दूरध्वनीच्या गाभ्याशीं आहे.

दुसरा प्रकार तत्काल संभाषणाचा. फिनलंडांतीलच औलू विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन यांनीं ऑगस्ट १९८८ मध्यें आयआरसी ही पद्धति निर्माण केली. येथें प्रत्येक विषयाचें दालन निराळें असतें, आणि एकानें लिहिलेलें वाक्य तेथील सर्वांना त्याच क्षणीं दिसतें. अडलेल्यास ताबडतोब हात मिळतो, आणि कधींही न भेटलेल्या माणसांत स्नेह जडतो. परंतु बोलणें जितकें सुलभ, तितकेंच तें क्षणभंगुर. मूळच्या आयआरसींत जो त्या वेळीं हजर नाहीं, त्याला मागील बोलणें दिसत नाहीं. यावर शहाण्या मंडळांनीं उपाय योजले. उबुंटूच्या दालनांतील संभाषणाची नोंद सर्वांस वाचण्यासाठीं ठेवलेली असते. फेडोरा व डेबियन यांच्या बैठकींत ठराव टिपून घेणारा यंत्ररूप लेखनिक हजर असे. सभेंत मोकळेपणानें बोलावें, परंतु निर्णय दप्तरीं लिहावा, हा जुना दंडक येथेंही खरा ठरतो.

आतां या सभांवरील तीन संकटांचा विचार करूं. पहिलें जिभेचें. आपल्या न्यायशास्त्रानें वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन भेद सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करावयाचें ती वितंडा. जानेवारी १९९२ मध्यें मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं लिनक्सची रचनाच कालबाह्य असल्याचें त्याच चर्चापीठावर लिहिलें. टोरवाल्ड्स यांनीं तिखट उत्तर दिलें, पण लागलीच आपल्या अविनयाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. तथापि तिखटपणा सुटला नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं वर्षानुवर्षांच्या कठोर लेखनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, ते कांहीं आठवडे कामापासून दूर राहिले, आणि त्याच सुमारास लिनक्सच्या मंडळानें नवी आचारसंहिता स्वीकारली. कठोर शब्दानें नवशिका पळतो, आणि नवशिका पळाला कीं परंपरा खुंटते.

दुसरें संकट मालकीचें. आयआरसींतील फ्रीनोड हें मुक्तस्रोत मंडळींचें मोठें माहेरघर होतें. मे २०२१ मध्यें त्याच्या स्वामित्वावरून तंटा होऊन तें सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनीं राजीनामे दिले व लिबेरा चॅट ही नवी सभा स्थापन केली. उबुंटू, विकिमीडिया इत्यादि मंडळें तिकडे गेलीं. भिंती कोणाच्याही असोत, सभा माणसांची असते, हें त्या वेळीं दिसून आलें.

तिसरें संकट विस्मृतीचें. स्लॅक २०१३ सालीं व डिस्कॉर्ड २०१५ सालीं निघाल्यावर पुष्कळ मंडळें त्या सोयीस्कर दालनांत गेलीं. पण तेथील ज्ञान भिंतींच्या आंत राहतें. प्रवेश घेतल्यावांचून बाहेरच्या शोधकास तें सहसा सांपडत नाहीं. याच्या उलट, मोझिलानें मार्च २०२० मध्यें आपलें आयआरसी बंद करतांना मॅट्रिक्स ही खुली पद्धति पत्करली. डिस्कोर्स हें चर्चापीठ तर स्वतःच मुक्तस्रोत आहे. आपल्या मराठी विकिपीडियानेंही सामाईक चर्चेच्या पानास ‘चावडी’ असें समर्पक नांव दिलें आहे, आणि तेथील जुनें बोलणें आजही कोणास वाचतां येतें.

आपल्या घरांतील ज्यांना या सभेंत पाऊल टाकावयाचें असेल, त्यांनीं प्रथम जुनीं उत्तरें धुंडाळावीं. तीं न मिळाल्यास प्रणालीची आवृत्ति, आपण काय केलें आणि यंत्रानें कोणता दोष दाखविला, हें क्रमानें लिहावें. ‘चालत नाहीं’ एवढेंच म्हणूं नये. उत्तर देणारा बहुधा विनावेतन आपला वेळ देत असतो, हें विसरूं नये. आणि अडचण सुटली कीं, ती कशी सुटली तें तेथेंच लिहून ठेवावें. शास्त्रकारांनीं ऋषिऋण सांगितलें आहे. तें दक्षिणेनें फिटत नाहीं, मिळालेली विद्या पुढें दिल्यानेंच फिटतें. अशा सभेंतून उत्तर घेऊन मुकाट्यानें निघून जाणारा तें ऋण शिरावर ठेवतो, आणि दोन ओळी लिहून जाणारा कोणा अनोळखी विद्यार्थ्याची एक रात्र वांचवितो.