फाळका लावण्याआधी

आपल्या बंगळुरूत लष्करी पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. 8 मे 2021 रोजी 83 महिला जवानांची पहिली तुकडी येथूनच सैन्यात दाखल झाली. लष्करी ताफ्याला वाट करून देणे, वळणावर खुणा लावणे, चौकात वाहतूक सांभाळणे ही या दलाची नेहमीची कामे. शहरात मेट्रोच्या किंवा जलवाहिनीच्या खोदकामापाशी असेच काम कंत्राटदाराची माणसे करतात. दोघांच्याही गाडीत सामान साधारण सारखेच: शंकू, सूचनाफलक, बॅरिकेड, वाळूच्या पिशव्या, लुकलुकणारे दिवे. लोकांच्या रक्षणासाठी निघालेले हे सामान नीट बांधले नसेल, तर वाटेतच कोणाच्या तरी जिवावर उठते.

कॅडेट मित्रांनो, जरा गणित करून पाहू. ब्रेक लागला की गाडी थांबते. सुटे सामान मात्र पुढेच जाऊ पाहते. हा न्यूटनचा पहिला नियम. ताशी 60 किलोमीटर वेगातली वस्तू आदळते, तेव्हा ती सुमारे 14 मीटर उंचीवरून पडल्यासारखी असते. वेग 40 असला तरी ही उंची 6 मीटरांहून अधिक भरते. त्यामुळे ‘जवळच तर जायचंय’ ही सबब चालत नाही.

मग बांधणी किती घट्ट हवी? युरोपात पाळला जाणारा हिशेब सोपा आहे: सामान पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 80 टक्के जोर पेलला पाहिजे, बाजूला आणि मागे निम्मा. म्हणजे 500 किलो सामानाला पुढच्या दिशेने 400 किलोंचा, वळणावर 250 किलोंचा आधार हवा. नुसत्या ताडपत्रीने हे होत नाही.

वाळूच्या पिशव्यांसारखे जड सामान खाली, हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे. मध्ये फट राहिली की सामानाला धावायला जागा मिळते. पत्र्याचे फलक एकावर एक आडवे रचले तर घसरतात. ते उभे करून बाजूच्या कठड्याला बांधावेत. शंकू एकात एक घालून उभे ठेवावेत आणि वरून जाळी किंवा दोरी घ्यावी, नाहीतर वाऱ्याने उडतात. सामानावरून घेतलेला पट्टा जितका उभा, तितका दाब जास्त. तो जमिनीशी 30 अंशांवर आला की खालचा दाब निम्माच उरतो. धारदार कडेवर पट्ट्याखाली गोणपाट घालावे. सामानावर माणूस कधीही बसवू नये.

आता क्रम. रस्त्यावर सर्वांत आधी लागतो दूरचा इशारा फलक. म्हणून तो सर्वांत शेवटी, फाळक्याजवळ चढवायचा. नाहीतर तो शोधण्यासाठी जवानाला किंवा कामगाराला धावत्या वाहतुकीत उभे राहून अर्धी गाडी उपसावी लागते. सामान उतरवायचे ते डावीकडून, पदपथाच्या बाजूने. काम संपल्यावर उलटा क्रम: आधी शंकू उचलायचे, इशारा फलक शेवटी.

निघाल्यावर काही किलोमीटरवर थांबून दोऱ्या पुन्हा तपासाव्यात. हादऱ्यांनी सामान बसते आणि बांधणी सैल पडते. कायदाही कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी 20,000 रुपये दंड आहे, शिवाय ते उतरवण्याचा खर्च वेगळा.

हे सारे पालकांनाही लागू आहे. सुट्टी संपवून मुलांना सोडायला येताना गाडीच्या टपावर लोखंडी पेटी असते. ती एकाच दोरीने आडवी बांधू नका. पुढून आणि मागूनही बांधा, आणि पहिल्या चहाच्या थांब्यावर एकदा हाताने हलवून पाहा. हलली, तर पुन्हा बांधून मगच पुढे निघा.