स्मारकवाल्याचा एक मे

पहाटे 5. मे महिन्यात नागपुरात दगडाचं काम करायचं तर सूर्याच्या आधी उठावं लागतं. दहानंतर दगडाला हात लावला की चटका बसतो, आणि रंग उतरवायचं रसायन लावता लावताच उडून जातं. मृगाला महिनाभर उरलाय. सांधे भरायचे, पाणी मुरायच्या जागा बुजवायच्या, ते आताच. काल कारागिरांना विचारलं तर धाकटा म्हणाला, "कामगार दिन आहे ना जी भाऊ, मंग कामगारानंच काहून यायचं?" बरोबरच होतं त्याचं. दुप्पट रोज कबूल केला.

पावणेसहा. शहरालगतच्या एका गावात चौकातला जुना स्तंभ, कामठीकडच्या वालुकाश्माचा. गावातून लढाईवर गेलेल्या शिपायांसाठी उभारलेला. दरवर्षी 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी कोणी ना कोणी हौसेनं ऑइलपेंटचा हात मारत आलंय. भावना चांगली, पण दगडाच्या जिवावर उठलेली. ऑइलपेंटनं दगडाची तोंडं बंद होतात. पावसाचं पाणी जोत्यातून आणि फुटक्या सांध्यांतून आत शिरतं, बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग उन्हाळ्यात ते रंगासकट दगडाचा पापुद्रा घेऊनच निघतं.

रसायनाची लापशी ब्रशनं थापायची, वर प्लास्टिक, अर्धा तास थांबायचं, मग बांबूच्या चिपेनं खरवडायचं. तारेचा ब्रश मी कारागिरांच्या पेटीत ठेवूच देत नाही. आधी चंदेरी निघाला, मग पांढरा, मग आकाशी, पुन्हा पांढरा. आकाशी कोणाच्या डोक्यातून आला देव जाणे. अक्षरं मुळात फार तर तीन मिलिमीटर खोल, त्यातले दोन रंगानंच भरलेले. इतकी वर्षं पेंटर वरवर दिसेल तसं गिरवत गेला, त्यामुळे 'शिपाई'ची वेलांटी सरकत सरकत भलतीकडे गेली होती. थर निघाला तशी मूळ वेलांटी खाली सापडली, छिन्नीची कडा अजून धारदार. धाकट्यानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "पहिलेवाला हुशार होता जी."

सांध्यांत मागे कधीतरी सिमेंट कोंबलंय. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणून ताण आला की सिमेंट शाबूत राहतं आणि दगड फुटतो. ते काढून चुना-रेती भरली. चुन्याला ऊन सोसत नाही, म्हणून ओली गोणपाटं बांधली आणि शेजारच्या पानठेलेवाल्याला तासातासानं पाणी मारायला सांगितलं. तो खर्ऱ्याच्या पैशांत तयार झाला. मंजूर निधीत असल्या माणसासाठी रकाना नसतो.

साडेआठ. सीताबर्डीचा किल्ला. फौजेच्या ताब्यात असल्यानं तो सामान्य माणसासाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. त्यातला मे मला सोयीचा, कारण पावसाळ्याआधीचा दगड खरं बोलतो, शेवाळ काही झाकत नाही. पोरंटोरं सेल्फी काढत होती, मी थडग्यांचे सांधे पाहत होतो.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला याच दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची पलटण भिडली. रेसिडेंट होता जेंकिन्स. लहान टेकडी भोसल्यांकडच्या अरबांनी घेतली होती. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळानं हल्ला चढवला आणि पारडं फिरलं. नागपूरचं राज्य त्या दोन दिवसांत हातचं गेलं म्हणा ना. किल्ल्यातली थडगी आहेत ती जिंकणाऱ्यांची. हरलेल्यांच्या बाजूनं तिथं उभी आहे ती नवगज अली बाबांची मजार, आणि तीही 1857 ची. टिपू सुलतानाच्या वंशातल्या नवाबाला आठ साथीदारांसह फाशी दिलं, त्यांची ही मजार, असं सांगतात. माझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलं तर मजेची गोष्ट अशी, की मजारीला चादर चढवणारी माणसं आहेत, साहेबांच्या थडग्यांना आता नातेवाईक नाही. त्यांचं निगुतीनं राहणं फौजेच्या झाडूवर अवलंबून.

बर्डीवर खाली आलो तर वेगळ्या विदर्भाची घोषणा देत एक लहानसा मोर्चा चालला होता. महाराष्ट्र दिनाला नागपुरात हे असतंच. गाडी बाजूला घेतली, जाऊ दिलं.

अकरा. काटोल रस्त्यावरच्या एका गावात ग्रामसभा. एक मेची ग्रामसभा ठरलेलीच. विषयपत्रिकेवर पाणीटंचाईनंतर पाचवा विषय, शहीद स्मारक. गावातले तीन जवान, तीन वेगवेगळ्या वर्षी गेलेले. सरपंचताईंना काळा ग्रॅनाइट हवा, उपसरपंचांना पितळी अक्षरं, तरुण मंडळाला कारंजं.

पितळेला मी हात जोडले. रस्त्याकडेचं पितळ एका रात्रीत भंगारात जातं. कारंज्याबद्दल एवढंच विचारलं, टँकर सुरू आहेत तेव्हा त्यात पाणी कोण भरणार? मग जरा शांतता झाली. 1980 नंतर अंतुले सरकारच्या योजनेतून राज्यभर दोनशेच्या आसपास हुतात्मा स्मारकं बांधली गेली, जवळजवळ एकाच नमुन्याची. त्यांतल्या कितीकांची पुढे दुरवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. नमुना वाईट नव्हता. किल्ली कोणाकडे आणि झाडू कोणाच्या हातात, हे नकाशात नव्हतं. माझ्या नकाशात म्हणून मी आधी नळाची तोटी दाखवतो आणि पाणी वाहून जायला उतार.

नावांचा क्रम हुद्द्यानं लावायचा का, यावर वाद झाला. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हुद्दा कोणताही असो, प्रत्येकाला एकाच मापाचा दगड आहे, हे सांगितलं. शेवटी तारखेनं लावायचं ठरलं. मग आडनाव. कागदपत्रं इंग्रजीत, त्यावरून 'वानखडे' की 'वानखेडे' हे ठरेना. सचिवांनी शाळेचा दाखला मागवू म्हटलं. मागे बसलेली त्या जवानाची आई उठली आणि एवढंच बोलली, "वानखडे आहोत आम्ही." सचिवांनी दाखला तरीही मागवलाय, ते त्यांचं कामच आहे, मी वहीत वानखडे लिहून घेतलं.

खरा प्रश्न शेवटी निघाला. तिन्ही नावांखाली दीड फूट जागा उरते. तिथं अशोकचक्र काढावं, असं मंडळाचं म्हणणं. एक निवृत्त सुभेदार इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "जागा मोकळी ठेवा जी. गावातले अकरा पोरं आज ड्युटीवर आहेत." सरपंचताई म्हणाल्या, असं अभद्र काहून बोलता बाप्पा. दोघांचंही मला पटत होतं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं तेव्हा त्यावर 25,942 नावं होती, आणि नंतरही भर पडत गेली. ग्रॅनाइटच्या वेगवेगळ्या पाट्या लावत जायच्या, अशी तिथली रचनाच आहे. पण तिथं तो देशाचा हिशेब असतो. इथं अकराही पोरांच्या आया त्याच मंडपात बसल्या होत्या. निर्णय माझ्यावर ढकलून सभा गोठ्यांच्या अनुदानाकडे वळली.

दीड. कारखान्यात. जेवण, डुलकी. मग सँडब्लास्टिंग: पाटीवर स्टिकर चिकटवायचा, अक्षरं कापून काढायची आणि दाबानं रेती मारायची. तासाभरात पाटी तयार. हाताच्या छिन्नीची धार त्याला नसते, पण तीन नावांसाठी छिन्नीवाल्याची मजुरी कोणती पंचायत देणार? अक्षरांत रंग भरू नका असं मी सुचवतो, कोणी ऐकत नाही.

साडेसहा. स्तंभाकडे चक्कर. गोणपाट ओलं होतं, चुना धरलाय. पानठेलेवाल्यानं स्वतःहून भोवतीचे खर्ऱ्याचे प्लास्टिकचे तुकडे वेचले होते, बहुतेक त्याच्याच ठेल्यावरचे.

रात्री 9. काटोल रस्त्याच्या कामाचं कोटेशन. एकाच अखंड शिळेऐवजी एका मापाच्या सुट्या पाट्या आणि मागे स्टीलची चौकट. पाटी काढता येते, लावता येते. तीनच पाट्या, चौकट तिघांपुरतीच, खाली साधा दगडी ओटा. चौकट पुढे खाली वाढवायची झाली तर भोकं ओट्यामागे आधीच पाडलेली, ती समोरून दिसत नाहीत. हे मी सुभेदारांना फोनवर सांगितलं, सभेत सांगणार नाही. वार्षिक निगेची ओळ घातली: दोनदा धुणं, सांध्यांची तपासणी, ऑइलपेंटला सक्त मनाई. ही ओळ खोडूनच कोटेशन परत येतं, असा अनुभव आहे. तरी घातली, आणि या वेळी तिची रक्कम कोटेशनच्या एकूण बेरजेतच धरून टाकली.